औषधदोषाची सिद्धता : मुंबईंतील दोन प्रकरणांचा विचार

१. विषयप्रवेश

औषधापासून अपाय झाला असतां दोष कोणाचा, हा प्रश्न सामान्यतः वैद्यांचा किंवा वकिलांचा समजला जातो. प्रस्तुत लेखांत तो इतिहाससंशोधकांपुढें ठेवावयाचा आहे, व त्यास कारणही आहे. रोग्याच्या पोटांत गेलेलें द्रव्य परत पाहावयास मिळत नाहीं. देणाऱ्याची आठवण एक सांगते, घेणाऱ्याची दुसरेंच. शेवटीं निर्णय येऊन ठेपतो तो एखाद्या कुपीवर, एखाद्या चिठ्ठीवर किंवा एखाद्या नोंदवहीवर. एखादी सनद अथवा एखादा महजर पुढें आला म्हणजे आपण विचारतों कीं, हा कागद अस्सल कीं नक्कल, कोणाच्या दप्तरांतून निघाला, मधल्या काळांत कोणाच्या ताब्यांत होता, आणि त्यावरील तारीख व शिक्का जुळतात कीं नाहीं. औषधाच्या कुपीसंबंधानेंही नेमके हेच प्रश्न विचारावे लागतात. आणि ज्याला त्यांचीं उत्तरें देतां येत नाहींत त्याची बाजू खरी असूनही पडते.

मुंबईच्या इतिहासांत अशा चौकशीचीं दोन मोठीं प्रकरणें झालीं. पहिलें १९०२ सालचें, परळच्या प्रयोगशाळेंतून पंजाबांत गेलेल्या प्लेगच्या लशीच्या एका कुपीचें. दुसरें १९८६ सालचें, भायखळ्याच्या सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांत रोग्यांस पाजलेल्या ग्लिसरिनचें. पहिल्यांत निर्दोष मनुष्य दोषी ठरला व ती चूक दुरुस्त होण्यास पांच वर्षें लागलीं. दुसऱ्यांत दोष एका माणसावर न थांबतां साऱ्या साखळीवर गेला. या दोहोंची तुलना करून, औषधदोष सिद्ध होतो तो कशानें व अडतो तो कशानें, एवढेंच दाखविण्याचा येथें हेतु आहे. हा विषय हातीं घेण्यास एक घरगुती प्रसंग निमित्त झाला. तो यथास्थळीं सांगितला आहे.

२. शास्त्रकारांचा विचार

चरकानें सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक व रोगी. त्याच स्थानांत, ज्याचें स्वरूप कळलेलें नाहीं असें औषध त्यानें विष, शस्त्र, अग्नि व वज्र यांच्या पंक्तीस बसविलें आहे. द्रव्य हा स्वतंत्र पाद धरल्यामुळें वैद्याचा दोष निराळा व द्रव्याचा दोष निराळा, असा विवेक करण्यास जागा झाली. धर्मशास्त्रकारांनींही तोच विवेक ठेविला आहे. मनूनें नवव्या अध्यायांत व याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत खोटी चिकित्सा करणाऱ्या वैद्यास दंड सांगितला असून, पशूच्या बाबतींत तो प्रथम साहसाचा व मनुष्याच्या बाबतींत मध्यम साहसाचा आहे. राजपुरुषाच्या बाबतींत उत्तम साहस, ही याज्ञवल्क्याची भर. परंतु याज्ञवल्क्य एवढ्यावर थांबत नाहीं. औषध, तेलतूप, मीठ, सुगंधी पदार्थ, धान्य, गूळ इत्यादि विक्रीच्या मालांत हीन द्रव्य मिसळणाऱ्यास तो सोळा पण दंड निराळा सांगतो. म्हणजे वैद्याचा अपराध एक व विक्रेत्याचा दुसरा.

कौटिल्याचा विचार याहून बारीक आहे. कंटकशोधन अधिकरणांत तो म्हणतो कीं, प्राणावर बेतणाऱ्या दुखण्याची वर्दी न देतां वैद्यानें उपचार केले आणि रोगी दगावला तर प्रथम साहसदंड, व उपचारांतील चुकीमुळें दगावला तर मध्यम. लगेच पुढल्या अध्यायांत धान्य, स्नेह, क्षार, लवण, गंध व भैषज्य यांच्या जागीं समवर्ण, म्हणजे दिसण्यांत सारखें, दुसरें द्रव्य घालणाऱ्यास बारा पण दंड आहे. 'समवर्ण' हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. १९८६ च्या प्रकरणांत त्याचें प्रयोजन पडेल.

दंड किती, हें येथें समजलें. दोष सिद्ध कसा करावयाचा, हें व्यवहारप्रकरणांत पाहावें लागतें. भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि असे व्यवहाराचे चार पाद आहेत. पैकीं क्रिया म्हणजे पुरावा. लेख, भुक्ति व साक्षी हीं तीन मानुष प्रमाणें. तीं नसतील तर दिव्य. पुराव्याचा भार कोणी उचलावा याचा नियमही ठरलेला आहे. प्रतिवादी साफ नाकबूल झाला, म्हणजे त्यानें मिथ्योत्तर दिलें, तर पुरावा वादीनें द्यावा. प्रतिवादीनें गोष्ट कबूल करून तिचें कांहीं कारण पुढें केलें, म्हणजे कारणोत्तर दिलें, तर पुरावा त्यानें द्यावा.

हा नियम औषधाच्या दुकानास लावून पाहण्यासारखा आहे. 'ही गोळी मीं दिलीच नाहीं' असें विक्रेता म्हणाला तर सारा भार रोग्यावर. 'दिली खरी, पण ती बदलून देण्यास आधार होता' असें म्हणाला तर भार विक्रेत्यावर. अर्थात् साफ नाकारण्यांत विक्रेत्याची सोय आहे. ती सोय बंद करणारी वस्तु एकच, ती म्हणजे लेख. हातीं पावती असली म्हणजे मिथ्योत्तराची वाट खुंटते व प्रतिवादीस कारणोत्तरावर यावें लागतें. पावती हा नुसता पुरावा नव्हे. पुराव्याचा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेणारी ती गोष्ट आहे.

३. मलकवालची कुपी

मुंबईंत १८९६ सालीं प्लेग उद्भवला तेव्हां वाल्डेमार हाफकीन यांनीं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार करण्यास आरंभ केला, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ सालीं प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली. पंजाबांत मोठ्या प्रमाणावर लस टोंचण्याचें सरकारनें ठरविलें तेव्हां मागणी फार वाढली, व तयार करण्याच्या रीतींत हाफकीन यांनीं एक बदल केला : लशींत कार्बॉलिक ॲसिड मिसळण्याची जुनी पद्धति सोडून निर्जंतुक करण्याचें काम उष्णतेवर सोंपविलें.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकवाल या गांवीं १०७ माणसांस लस टोंचण्यांत आली. पुढें त्यांपैकीं १९ जणांस धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. त्या दिवशीं पांच कुप्या उघडल्या होत्या. परंतु मेलेल्या एकोणीसही जणांस टोंचलेली लस एकाच कुपींतील होती. तिचा क्रमांक ५३-एन. इतर कुप्यांची लस घेतलेल्यांस धनुर्वात झाला नाहीं. प्रत्येक कुपीस क्रमांक होता, व कोणत्या कुपींतून कोणास टोंचलें याची नोंद होती, म्हणून एवढें तरी निर्विवाद ठरलें. ती नोंद नसती तर दोष साऱ्या लशीवर आला असता, किंवा कोणावरच आला नसता.

कुपी ठरली, पण काळ ठरला नव्हता. धनुर्वाताचे जंतु कुपींत शिरले ते परळला बूच बसण्यापूर्वीं, कीं मलकवालला बूच निघाल्यावर? येथें आपणांस परिचित असा प्रश्न उभा राहतो. दस्तऐवजांत खाडाखोड आहे हें मान्य. ती मूळ लेखकाची कीं मागाहून कोणाच्या हातची? सरकारनें नेमलेल्या त्रिसदस्य चौकशीमंडळाचे प्रमुख मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते. दुसरे दोघे वैद्यकांतील अधिकारी. मंडळानें दोष परळचा धरला. जुनी रीत सोडून कार्बॉलिक ॲसिड गाळलें, हें मंडळाच्या दृष्टीनें मोठें प्रमाण झालें. हाफकीन यांस कामावरून दूर व्हावें लागलें व ते विलायतेस गेले.

चौकशीचे कागद सरकारनें १९०६ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केले, आणि ते छापून बाहेर पडल्यावरच निर्णयाची खरी परीक्षा झाली. त्यांतून पुढील गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली : ५३-एन ही कुपी उघडण्याच्या वेळीं सहाय्यकाच्या हातांतून चिमटा जमिनीवर पडला, आणि नियमाप्रमाणें तो ज्योतींत धरून शुद्ध न करितां त्यानेंच बूच काढण्यांत आलें. दुसरी : धनुर्वाताच्या जंतूंची वाढ झालेल्या द्रवास दुर्गंधि येते; कुपी परळपासूनच दूषित असती तर इतक्या आठवड्यांत ती दुर्गंधि लपली नसती, आणि टोंचणाऱ्या डॉक्टरांस ती आली नव्हती. तिसरी : जंतु आधींच वाढून विष तयार झालें असतें तर लक्षणें फार लवकर दिसलीं असतीं, तीं आठवडाभरानें दिसूं लागलीं, यावरून जंतु ताजे शिरले असावेत. सर रोनाल्ड रॉस व प्राध्यापक सिंप्सन यांनीं ही बाजू लावून धरली. २९ जुलै १९०७ च्या लंडन टाइम्समध्यें दहा नामांकित शास्त्रज्ञांचें पत्र आलें, व त्या वर्षाच्या अखेरीस सरकारनें हाफकीन यांस पुन्हा हिंदुस्थानांत काम देऊं केलें. ते परतले, परंतु परळला नव्हे, कलकत्त्यास. परळच्या संस्थेस त्यांचें नांव १९२५ सालीं देण्यांत आलें.

चौकशीमंडळाचें चुकलें कोठें? साक्षीपुरावा त्याच्यापुढें होता, प्रमुखपदीं बसलेले गृहस्थ निष्णात न्यायाधीश होते. चूक अनुमानाची होती. रीत मोडली हें एक विधान. त्या मोडण्यानेंच अपाय झाला हें दुसरें. पहिल्यापासून दुसरें आपोआप निघत नाहीं. नैयायिक ज्याला अन्यथासिद्ध म्हणतात, म्हणजे कार्याच्या आधीं असूनही त्याचें कारण नसलेली गोष्ट, तिला येथें कारणाचा मान मिळाला. दुसरी चूक दप्तर बंद ठेवण्याची. कागद चार वर्षें आधीं प्रसिद्ध झाले असते तर परीक्षाही चार वर्षें आधीं झाली असती. आणखी एक गोष्ट खेदानें नमूद केली पाहिजे. पुढला सारा वाद एका शास्त्रज्ञाच्या अब्रूभोंवतीं फिरला, व मलकवालचे एकोणीस जण त्या वादांत नुसता एक आंकडा होऊन राहिले.

४. भायखळ्याचें ग्लिसरिन

हाफकीन यांनीं जेथें पहिली लस तयार केली त्या ग्रँट मेडिकल कॉलेजास लागूनच जमशेटजी जिजीभाई रुग्णालय आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारींत तेथें १४ रोगी एका विशिष्ट रीतीनें दगावले. मेंदूंतील किंवा डोळ्यांतील दाब उतरावा म्हणून त्यांस ग्लिसरिन पाजण्यांत आलें होतें, आणि दाब उतरण्याऐवजीं मूत्रपिंडें निकामी झालीं. दिलेल्या ग्लिसरिनमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल हें विषारी औद्योगिक द्रव्य होतें.

ग्लिसरिन रंगहीन, दाट व गोड. डायएथिलीन ग्लायकॉलही रंगहीन, दाट व गोड. डोळा, जीभ व बोट यांस त्यांतील भेद कळत नाहीं. कौटिल्याच्या 'समवर्ण' या शब्दाचें याहून नेमकें उदाहरण सांपडणें कठीण. येथें साक्षीदार निरुपयोगी आहे. परिचारिकेनें दिलें तें ग्लिसरिन समजून, वैद्यानें लिहिलें तें ग्लिसरिनच, बाटलीवरही ग्लिसरिन. चौघे प्रामाणिकपणें शपथेवर एकच सांगतील व तरी तें खोटें असेल. मानुष प्रमाणें संपलीं म्हणजे दिव्य, असा शास्त्रक्रम. आजच्या काळीं दिव्याची जागा रासायनिक परीक्षेनें घेतली आहे, आणि ती मात्र मिथ्योत्तर देत नाहीं. पण परीक्षेसाठीं द्रव्य शिल्लक पाहिजे व तें कोणत्या बाटलींतील, ही साखळी अतुट पाहिजे.

चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्याकडे सोंपविण्यांत आली, व त्यांचा अहवाल १९८७ च्या अखेरीस तयार झाला. या अहवालाचें महत्त्व हें कीं, तो बाटलीपाशीं थांबला नाहीं. ही बाटली रुग्णालयांत आली कोणाच्या पुरवठ्यानें, तो पुरवठादार यादींत बसला कसा, माल तपासला कोणी, परवाना दिला कोणी व देणाऱ्यावर दाब कोणाचा, असा तो मागें मागें जात राहिला. शेवटीं परवानाधारक, तपासणीच्या प्रयोगशाळा, दरकरार ठरविणारे अधिकारी, उत्पादक, व्यापारी, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रिपदावरील व्यक्ति यांच्यामधील देवघेवीच्या संबंधांवर न्यायमूर्तींनीं कठोर शब्दांत बोट ठेविलें. वंशावळ शोधतांना एक पिढी खोटी निघाली म्हणजे तिच्या वरच्या पिढ्या आपण जशा पारखून घेतों, तसेंच हें झालें. आयोगाच्या हातीं समन्स काढण्याचें व दप्तरें मागविण्याचें बळ होतें म्हणूनच तें शक्य झालें. मेलेल्या एखाद्या रोग्याच्या मुलानें एकट्यानें दावा लावला असता, तर रुग्णालयाच्या कोठाराची वही त्याला कोणी दाखविली असती?

याच द्रव्याचा पूर्वेतिहास येथें थोडक्यांत सांगितला पाहिजे. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फॅनिलमाइडच्या एका 'एलिक्झर'मध्यें हेंच डायएथिलीन ग्लायकॉल द्रावक म्हणून वापरल्यानें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. तेथील तत्कालीन कायद्यांत औषध विकण्यापूर्वीं निर्धोक ठरविण्याची सक्ति नव्हती. सरकारास कंपनीवर आरोप ठेवतां आला तो एवढाच कीं, ज्यांत मद्यार्क नाहीं त्यास 'एलिक्झर' हें नांव दिलें. मृत्यु शंभरांवर, आणि अपराध नांवाचा! परंतु उरलेलें औषध परत गोळा झालें, तें मात्र कागदांच्या बळावर. निरीक्षकांनीं माल पाठविल्याच्या याद्या व औषधाच्या चिठ्ठ्या पाहत दुकानें व घरें गांठलीं, आणि २४० गॅलनांपैकीं बहुतेक सर्व ताब्यांत घेतलें. पुढल्याच वर्षीं तेथें नवा कायदा झाला. आपल्याकडेंही रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९३१ च्या अहवालानंतर १९४० चा औषधांचा कायदा आला. तरीही हें विष पुन्हा पुन्हा डोकें वर काढीत आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधानें वीसहून अधिक बालकें मेलीं. त्यांतील कित्येकांस उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. तपासलेल्या नमुन्यांत हें द्रव्य ४८.६ टक्के निघालें. मर्यादा ०.१ टक्क्याची आहे.

५. दोन्ही प्रकरणांवरून निघणारा निष्कर्ष

दोन्ही प्रकरणांत दोष सिद्ध करण्यास तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. अपाय या द्रव्यानेंच झाला काय. द्रव्यांत दोष कोणत्या हातीं शिरला. आणि त्या हातानें पाळावयाची कोणती मर्यादा मोडली. मलकवालला पहिली पायरी कुपीच्या क्रमांकामुळें सहज चढतां आली, व दुसरीवर पाय घसरला. भायखळ्यास पहिली पायरी रासायनिक परीक्षेनें व दुसरी कोठाराच्या आणि खरेदीच्या कागदांनीं साधली. दोन्हीकडें अपाय झालेल्यांच्या हातीं यांपैकीं कांहींच नव्हतें. सारीं साधनें प्रयोगशाळेच्या, रुग्णालयाच्या किंवा सरकारच्या दप्तरांत होतीं.

आधुनिक न्यायशास्त्रानेंही ही विषमता ओळखली आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें १०१ वें कलम पुराव्याचा भार मागणाऱ्यावर ठेवी. परंतु जी गोष्ट विशेषेंकरून एकाच्याच माहितींतील असेल ती त्यानेंच सिद्ध करावी, असें १०६ वें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमानें घेतली असून, हीच तत्त्वें तेथें अनुक्रमें १०४ व १०९ या कलमांत आलीं आहेत. औरंगाबादच्या (आतांचें छत्रपति संभाजीनगर) सरकारी रुग्णालयांत १९६३ सालीं शस्त्रक्रियेच्या वेळीं पोटांत राहिलेल्या कापडाच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं, वस्तुस्थिति स्वतःच बोलते, हें तत्त्व लावलें. त्याच वर्षीं मुंबईंतील एका प्रकरणांत, होमिओपाथीचें शिक्षण घेतलेल्यानें ॲलोपाथीचीं औषधें दिलीं, एवढ्यावरूनच निष्काळजीपणा सिद्ध होतो, असा निर्णय त्या न्यायालयानें दिला. तथापि वस्तुस्थिति बोलण्यासाठीं ती वस्तु न्यायासनापुढें यावी लागते. पोटांतून काढलेलें कापड पुढें येतें. पोटांत विरघळलेली गोळी येत नाहीं.

६. उपनगरांतील व्यवहार व एक प्रसंग

आतां तो घरगुती प्रसंग. प्रस्तुत लेखक निवृत्तीनंतर मुलुंड येथें राहतो. कांहीं वर्षांपूर्वीं घरांतून रक्तदाबाच्या गोळ्या आणण्यास सांगितलें म्हणून स्टेशनजवळील एका दुकानीं गेलों. संध्याकाळची वेळ, गाड्यांतून उतरलेल्या मंडळींची काउंटरवर गर्दी. दुकानांतील मुलानें चिठ्ठी पाहून गोळ्यांची पट्टी कात्रीनें कापून हातीं दिली. बिल हवें काय, असें त्यानें विचारलें; मीं नको म्हटलें. तिसऱ्या दिवशीं पहाटे आमच्या मंडळी घाम सुटून बेशुद्ध पडल्या व पडतांना मनगट मोडलें. रुग्णालयांत रक्तांतील साखर अत्यंत उतरलेली आढळली. त्यांस मधुमेह नाहीं. घरीं येऊन पट्टी पाहिली, तों ती मधुमेहाच्या गोळ्यांची. नांव चिठ्ठींतील नांवाशीं दोन अक्षरांनीं जुळणारें.

दुकानीं गेलों. मालक सौजन्यानें बोलले. परंतु उत्तर मिथ्योत्तरच होतें : 'गुरुजी, ही पट्टी आमची नाहींच.' बिल नव्हतें. बॅचचा नंबर व मुदतीची तारीख पट्टीच्या ज्या टोंकास छापलेली असते तें टोंक कात्रीनें दुकानांतच राहिलें होतें. ज्यावर तारीख नाहीं, शिक्का नाहीं व जो कोणाच्या दप्तरांतून आला तें सांगतां येत नाहीं, असा कागद पुरावा म्हणून घेऊं नये, हें मीं पस्तीस वर्षें मुलांस सांगत आलों. आणि तसलाच एक तुकडा हातीं घेऊन मी त्या काउंटरपुढें उभा होतों. मंडळी बऱ्या झाल्या. मनगट मात्र थंडींत अजून दुखतें. तक्रार मीं केली नाहीं, कारण क्रियापाद रिकामा होता. दुकानदार खोटें बोलत होते असेंही मी म्हणत नाहीं. त्यांच्या मुलाची आठवण व माझी आठवण यांत निवाडा करणारी तिसरी वस्तु नव्हती, एवढेंच खरें.

मागाहून नियम पाहिले तेव्हां कळलें कीं, ती तिसरी वस्तु निर्माण करण्याची योजना कायद्यानें केव्हांच केली आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणें चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधविक्रेत्यानें किंवा त्याच्या देखरेखीखालींच दिलें पाहिजे. १९४५ च्या नियमांतील ६५ व्या नियमानें विक्रीची नोंद ठेवावी लागते व ती किमान दोन वर्षें जपावी लागते. परिशिष्ट 'एच'मधील औषधाच्या जागीं दुसरें औषध, तें त्याच द्रव्याचें असलें तरी, विक्रेत्यास आपल्या मतानें देतां येत नाहीं. २०१४ पासून 'एच-१' या परिशिष्टांतील औषधांची निराळी वही तीन वर्षें ठेवावी लागते. औषधाचा संशय आल्यास कोणाही ग्राहकास विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तें तपासून घेतां येतें. निरीक्षकानें घेतलेला नमुना समक्ष विभागून मोहोरबंद करावा लागतो, व त्याचा एक भाग ज्याच्याकडून घेतला त्यालाच दिला जातो. जुन्या काळीं कराराच्या प्रती दोन्ही पक्षांकडे राहत, त्याच धोरणाची ही आवृत्ति म्हणावी. अन्न व औषध प्रशासनाचें मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलांत आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ च्याच डिसेंबरांत झाला. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणें तक्रारदारास आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जातां येतें, मुदत दोन वर्षांची आहे, आणि मोबदल्याची रक्कम पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथील रहिवाशांस मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग आहे. नोंद जपण्याचा किमान काळ व तक्रारीची मुदत हीं दोन्ही दोन-दोन वर्षांचीं आहेत. म्हणून जो उशीर करील त्याच्या तक्रारीबरोबर तिचा पुरावाही नाहींसा होण्याचा संभव.

यावरून घेण्यासारखा बोध साधा आहे. बिल घ्यावें व त्यावर बॅचचा नंबर पाहावा. कापलेली पट्टी घ्यावयाचीच तर नंबर असलेलें टोंक मागून घ्यावें. अपाय झाला तर उरलेलें औषध फेंकून देऊं नये किंवा दुकानीं परत करूं नये. वेष्टनासह तसेंच ठेवून द्यावें, चिठ्ठी जपावी, आणि कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं, किती गोळ्या घेतल्या, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. रुग्णालयाकडून केसपेपरांच्या नकला मागून घ्याव्या. लेख, भुक्ति, साक्षी व दिव्य, चारही प्रमाणें यांत आलीं : चिठ्ठी व बिल हा लेख, हातीं उरलेला माल ही भुक्ति, उपचार करणारे डॉक्टर हे साक्षी, आणि विश्लेषकाची परीक्षा हें दिव्य. त्याबरोबरच मलकवालचा धडाही विसरूं नये. औषध घेतलें व अपाय झाला, एवढ्या पौर्वापर्यावरून विक्रेत्यास दोषी धरणें हा अन्याय होईल. जी वही रोग्याची बाजू सिद्ध करते, तीच प्रामाणिक विक्रेत्याचेंही रक्षण करते. हाफकीन यांस अखेर तारलें तें कागदांनींच.

७. उपसंहार

असो. शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. मुंबईच्या व साष्टींतल्या जुन्या औषधालयांच्या चिठ्ठ्यांच्या चोपड्या, विषारी द्रव्यांच्या विक्रीच्या वह्या, लेबलें, क्रमांक घातलेल्या कुप्या, या वस्तूंस आपण अद्याप ऐतिहासिक साधन मानलेलें नाहीं. दुकान बंद झालें कीं त्या रद्दींत जातात. कोणतें औषध कोणी, कोणास, कोणाच्या सांगण्यावरून व किती दिलें, याचा त्यांत जितका खरा वृत्तांत असतो तितका क्वचितच दुसरीकडे मिळेल. ज्यांच्या पाहण्यांत अशा चोपड्या असतील त्यांनीं त्या वांचवाव्या, त्यांची यादी करावी, व रोग्यांचीं नांवें न छापतां तिचा सारांश प्रसिद्ध करावा. मलकवालच्या एकोणीस जणांपैकीं एकाच्याही घरीं त्या कुपीचा कागद नव्हता. भायखळ्याच्या चौदांपैकीं एकाच्याही घरीं त्या बाटलीचा नव्हता. ज्याचें नुकसान झालें त्याच्या हातीं निदान एक कागद असावा, एवढीच या लेखाची मागणी आहे.